निंबाला भुताचं हसू यायचं

सुरतेत, लिंबायतमध्ये, आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही पहिल्यांदा आमच्याकडे आला, त्र्याण्णव साली. मला त्याचा फार माज होता, असं गल्लीतल्या बाया अजून म्हणतात. म्हणोत. कापडाच्या लूमला सुट्टी असली की दुपारी आम्ही व्हिडिओ भाड्याने आणायचो, खिडकीला गोधडी लावायचो, आणि अर्धी गल्ली माझ्या एवढ्याशा खोलीत येऊन बसायची. चपला घालून आत आलेल्याचा मी उद्धार करायची, पण येऊ नको असं कधी कोणाला म्हटलं नाही.

पुढची जागा निंबाची. निंबा आमच्या शेजारच्या खोलीतला, पारोळ्याकडचा, तरुणपणापासून लूमवर. एरवी मोजकं बोलणारा, पण भुताचा सिनेमा लागला की वेगळाच माणूस. कबर फोडून हात वर आला की आम्ही बाया एकमेकींच्या पदरात तोंड खुपसायचो, आमचे हे पाण्याचं निमित्त करून उठायचे, आणि निंबा मांडीवर थाप मारून हसायचा. "तोंडाला कणीक फासलीय त्याने," म्हणायचा. "एवढा मोठा बाप्या पडद्यामागे लपून बसतो. घरी कामं नाहीत का याला?" त्याच्या मताला मोठा भाव होता. निंबा किती हसला ते बघून त्याच्या जोडीला काम करणारा सुकदेव दुसऱ्या दिवशी लूमवर सांगायचा, सिनेमा किती भीतीचा होता ते. एवढ्या काळजाचा गडी आपल्या गल्लीत आहे याचा मलाही तोरा होता.

त्याची बायको शोभाबाई मात्र धुमसत असायची. "भुताविषयी बोलायला तोंड आहे, माझ्याशी नाही," म्हणायची. ती स्टोव्हपाशी बसून दिवसभराचं सांगायची आणि हा मागे भिंतीला टेकून मूग गिळून बसलेला. दोन वर्षं हेच. शेवटी तिने छोट्या लेकीला, जयश्रीला, घेऊन कायमचं भावाकडे जायचं ठरवलं, चलथाणला. तो तिथे साखर कारखान्यात होता. "रोज सांगते यांना, सोमवारी भाऊ न्यायला येतोय. एकदा तरी जाऊ नको म्हणावं? हूं नाही की चूं नाही." मी निंबाला चांगला झापणार होते, पण तिने मला जयश्रीची शपथ घातली. "मालतीबाई, तुम्ही मध्ये पडू नका. त्यांच्या तोंडून आपण होऊन आलं पाहिजे."

त्याच सुमारास आम्ही एक विनोदी सिनेमा आणला. म्हातारा मरतो आणि पोरं वाटणीपायी त्याचं मढं लपवतात. खुर्चीत बसवतात, चष्मा घालतात, पाहुणे आले की त्याचा हात हलवून नमस्कार करवतात. बोलणं असं चावट की हसून हसून आमची पोटं दुखली. आणि निंबा ताडकन उठला. डोळ्यांत पाणी.

"बाप मेलाय त्यांचा," तो म्हणाला. "अजून अंगावर पाणी घातलेलं नाही. आणि तुम्ही हसता?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. भुताला हसणारा माणूस विनोदाला रडतो, हा काय प्रकार, मला काही कळेना. सुकदेव म्हणाला, मोठ्या मनाचा माणूस आहे. शोभाबाई म्हणाली, मेलेल्याची एवढी माया, जिवंत बायकोची नाही.

भाऊ येणार त्याच्या आदल्या दुपारी पुन्हा भुताचा सिनेमा होता. शोभाबाई शेवटचं म्हणून आली आणि निंबाच्या मागे बसली. ऐन रंगात टीव्हीचा आवाज गेला. चित्र चालू, आवाज ठप्प. आणि काय सांगू, त्या भुताची पार रया गेली. वाजंत्री नाही, दार करकरत नाही, किंकाळी नाही. नुसता एक बाप्या कणीक फासून तोंड वासतोय आणि हात हलवतोय. आम्ही सगळे खो खो हसलो. हसता हसता मी उठून टीव्हीला दोन चापट्या मारल्या. कोणी म्हणालं वायर बघा, कोणी म्हणालं बंद करून लावा.

निंबा होता तसाच. मांडीवर तीच थाप, तेच हसू. आवाज गेल्याची त्याला खबरच नव्हती.

तेव्हा कुठे मला उमगलं. लूमच्या खडखडाटात कोणालाच काही ऐकू येत नाही, सगळे एकमेकांच्या ओठांकडे आणि हातांकडे बघून बोलतात. निंबाला ती सवय पक्की होती. आम्ही भेटायचो ते समोरासमोर, त्यामुळे त्याचं सगळं निभावून जायचं. पाठमोरी बोलायची ती एकटी शोभाबाई, स्टोव्हकडे तोंड करून.

"अहो," तिने मागून हाक मारली. मग मोठ्याने. मग त्याच्या पाठीमागेच माझं ताट फरशीवर आपटलं. आम्ही सगळे दचकलो, तो हसतच होता.

"माय वो," ती पुटपुटली.

ती उठून टीव्हीला आड येऊन त्याच्यासमोर बसली. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

निंबाने तिच्याकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे. मान खाली घातली. "शेठला कळलं तर लूमवरून काढतील," तो म्हणाला. "तुलाही सांगितलं नाही. बहिऱ्याशी कोण बोलतं? तू स्टोव्हपाशी बोलायचीस तेव्हा तुझे खांदे हलायचे. ते बघत बसायचो. बरं वाटायचं."

शोभाबाईने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. "महिनाभर सांगतेय, उद्या मी जाणार. तुम्ही एकदाही नको म्हणाला नाहीत."

निंबा तिच्या ओठांकडे एकटक बघत राहिला.

"कुठं जाणार?" त्याने विचारलं.