संकष्टीच्या दिवशी आलेला डोनट

मी सातवीत शाळा सोडलेली. इंग्रजी कागद पुढे आला की अजून तळहाताला घाम फुटतो. तरी इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या एका एजन्सीनं मला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम दिलं. त्याचे उपकार मी विसरत नाही, आणि ते काम कधी जाईल ही धास्तीही सुटत नाही.

माझ्याकडची आजी अल्बानियाची, सत्तरीची. शुगर जास्त, आणि हल्ली जुनं नि आताचं तिच्या डोक्यात एकत्र होतं. आमचं दोघींचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे छान जमतं. पहिल्या संकष्टीला मी सूप नको, उपास आहे म्हटलं, तर तिनं उठून खिडकीचा पडदाच ओढला.

"हळू बोल, पोरी! कोणी विचारलं तर पोट दुखतंय म्हणायचं."

मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ती दहा वर्षांची असताना सरकारनं देवधर्मच बंद केला. चर्चमध्ये धान्याची पोती रचली. ईस्टरआधीच्या उपासात तिच्या घरी दूध घेत नसत, आणि नेमकं त्याच दिवसांत मास्तर वर्गात दुधाचे पेले वाटायचे. जो पिणार नाही, त्याच्या घरात देव लपलाय. ही "नको" म्हणाली. आठवड्यानं आईला भर सभेत उभं केलं, मग लांब खाणीच्या गावी धाडलं.

"माझ्यामुळे," एवढंच म्हणाली.

गेल्या महिन्यात संकष्टीलाच एजन्सीच्या सुपरवायझर बाई तपासणीला आल्या. ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस, म्हणून माझ्यासाठी डोनट.

"आजींना नाही हं! तू खा, ताजा आहे."

"नंतर खाते."

"नंतर कशाला? डाएट वगैरे करतेस की काय?" त्या हसल्या. मांडीवर वही उघडी होती.

आजीचा चेहरा पांढराफटक पडला. काही कळायच्या आत तिनं बशीतला डोनट उचलून अर्धा तोंडात कोंबला. "खाल्ला तिनं! मी बघितलं!" ओठांभोवती सगळी साखर.

बाईंचं पेन थांबलं. "हे रोज असंच चालतं?"

माझ्या मनगटात आजीची नखं रुतली होती. पोट दुखतंय म्हटलं असतं तरी शुगरवालीला गोड खाऊ दिल्याचं माझ्या नावावर चढणारच होतं. मग मी बोलून टाकलं. "माझा देवाचा उपास आहे. मला वाचवायला खातेय ती." दुधाच्या पेल्याचंही जमेल तसं सांगितलं.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं?" बाईंनी काहीतरी लिहिलं. "तासाभरानं शुगर बघ. मी फोन करते."

त्या गेल्या. आजीनं कोट घातला, बूट घातले, डोक्याला रुमाल बांधला आणि दारापाशी खुर्ची ओढून बसली.

"आजी, इथे कोणी न्यायला येत नाही."

"वही होती तिच्याकडे."

त्या वहीची भीती मलाही होतीच. मी माझं जॅकेट चढवलं आणि शेजारी बसले. बाहेर गाडी वाजली की ती ताठ व्हायची, मीही. तिथेच बसून तिची शुगर तपासली. बरीच चढली होती.

फोन वाजला. तिनं माझा हात धरला. मी आकडा सांगितला.

"पाणी दे भरपूर, परत तपास, उतरली नाही तर लगेच कळव. आणि उद्या नऊला, नेहमीसारखं."

"काय म्हणाली?" आजीनं विचारलं.

"उद्या कामावर ये म्हणाली."

"आणि देवाचं?"

"त्याचं काहीच नाही विचारलं."

तिचा विश्वास बसला नाही. मी जॅकेट काढून खुंटीला लावलं, तेव्हा कुठे तिनं कोटाचं वरचं बटण सोडलं. फक्त वरचं.