आईची निर्जळी एकादशी

आमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं होती. मराठी कॅलेंडर सोलापूरची मावशी दरवर्षी पाठवायची आणि कानडी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून फुकट मिळायचं. म्हैसूरच्या मराठी शिंप्यांच्या घरात याचं कुणाला नवल वाटत नसे. आमच्या कितीतरी पिढ्या इथंच गेल्या, पण देवाचा हिशेब मराठीत आणि बाकी सगळा संसार कानडीत, असं चाललं होतं.

कधीकधी या दोन कॅलेंडरांचं पटायचं नाही. कानडी कॅलेंडर म्हणायचं एकादशी आज, मराठी म्हणायचं उद्या. चूक कुणाचीच नसे. तिथी धरायच्या दोन रीती आहेत, स्मार्त आणि भागवत. आम्ही विठ्ठलाची माणसं, म्हणून भागवत पाळायचो. त्या दिवशी माझे वडील कापडाला कात्री लावत नसत. दुकान उघडं असायचं, पण काम फक्त हुक-बटणांचं आणि इस्त्रीचं. लग्नाच्या ब्लाउजांची घाई असली तरी गिऱ्हाइकाला सरळ उद्या या म्हणायचे.

आई मात्र असं झालं की दोन्ही दिवस धरायची, आणि तिची एकादशी निर्जळी असायची. पाण्याचा घोटसुद्धा नाही.

याला कारण मी होते. सातव्या वर्षी मला विषमज्वर झाला आणि तो डोक्यात गेला. सरकारी दवाखान्यात मी कुणाला ओळखेनाशी झाले, तेव्हा आईनं वॉर्डातल्या भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर पाहिलं. त्यावर एकादशी होती. पोर वाचली तर जन्मभर एकादशीला पाणी पिणार नाही, असं ती तिथंच बोलली. मी वाचले. ते कॅलेंडर कानडी होतं. नवस नक्की कुठल्या एकादशीला बोलला गेला, याची शंका तिच्या मनातून कधी गेली नाही, म्हणून ती दोन्ही पाळत होती.

मी मोठी झाले, हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले आणि या प्रकाराचा मला राग यायला लागला. ताप औषधानं उतरला, हे मी तिला नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा हेमिंग करायला बसायची. पालथ्या घड्यावर पाणी. पुढं तिला साखरेचा आजार निघाला आणि रागाच्या जागी भीती आली. एकादशी जवळ आली की मला वर्गात शिकवणं सुचायचं नाही. मी कॅलेंडरं बघायची ती या वेळी एकादशा दोन आहेत की एक, एवढ्यासाठी.

आणि एका महिन्यात त्या दोन आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या ऑफिसात वडिलांचा फोन आला. आई दुकानात हुक लावता लावता कलंडली होती.

मी पोचले तेव्हा ती कापडाच्या गठ्ठ्याला टेकून बसली होती. घामानं थबथबलेली, डोळे अर्धवट मिटलेले. समोर वडील हातात साखरपाण्याचा पेला घेऊन उभे होते. पेला तिच्या ओठाला लावला की ती मान फिरवायची आणि ते हात मागं घ्यायचे. पाजलं नाही तर बायको जाईल आणि पाजलं तर मुलीचं काय होईल, अशा कात्रीत माझा बाप सापडला होता. मी रिक्षा आणली.

डॉक्टर कपाळावर ठसठशीत गंध लावणारे, देवभोळेच गृहस्थ होते. त्यांनी सलाइन लावलं आणि आईला शुद्ध आल्यावर विचारलं की गोळी घेतली होती का. आई म्हणाली, घेतली, दोन्ही दिवस, पाण्याशिवाय गिळली. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. साखर उतरवणारी गोळी आणि पोटात काहीच नाही. मला बाहेर बोलावून ते कानडीत म्हणाले की पुढच्या वेळी मी काही करू शकेन असं धरून चालू नका.

पुढची वेळ पंधरा दिवसांवर होती.

मी आईला घेऊन आमच्या विठ्ठलमंदिरातल्या बुवांकडे गेले. तेही शिंपीच, दिवसा मशीन चालवायचे आणि संध्याकाळी भजन करायचे. माझ्या शब्दाला घरात किंमत नव्हती, त्यांच्या शब्दाला असेल असं मला वाटलं. बुवांनी सगळं ऐकलं आणि आईला स्वच्छ सांगितलं की विठ्ठलाला उपाशी माणसं नको असतात, पाणी पी, औषध घे, त्याला काही वाटणार नाही. माझ्या जिवात जीव आला. आईनं त्यांना वाकून नमस्कार केला.

"त्याला वाटणार नाही, ते खरं," ती म्हणाली. "पण बोललेय मी. माझ्या तोंडानं बोललेय."

घरी येताना मी रस्त्यात तिच्याशी भांडले. हा हट्ट आहे, हा स्वार्थ आहे, असंही काहीबाही बोलले. ती पदर डोक्यावर ओढून चालत राहिली.

"सुम्ने, उगीच ओरडू नको गं," ती म्हणाली. "मी पाणी प्यायले आणि तुला काही झालं, तर मी कुणाला विचारायला जाऊ?"

"मग तो उपास मला दे," मी म्हणाले. रागानंच म्हणाले. "माझ्यासाठी होता ना? मी धरते."

ती थांबली. आमच्या शेजारून माणसं जात होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही."

"तुझा तर विश्वास नाही."

"नसू दे. तू जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला आंघोळ करायला लावून देवापुढं बसवलं. माझ्या तळहातावर तुळशीचं पान ठेवून त्यावर पळीभर पाणी सोडलं आणि पुटपुटत मला नवस देऊन टाकला. शेवटी एवढंच म्हणाली, की झेपलं नाही तर खोटं करू नको, मला सांग, मी परत घेईन. आता मी चोरून पाणी प्यायले तरी तिला कधीच कळलं नसतं, आणि मी खरं सांगितलं तर ती पुन्हा उपाशी राहिली असती.

एकादशीला मी नेहमीसारखी शाळेत गेले. यात काही मोठंसं नाही, असं मनाला बजावत होते. एक दिवसाच्या तहानेनं माणूस मरत नाही, हे मी मुलांना शिकवलेलं होतं. दुपारपर्यंत तीन तास झाले आणि घशाला कोरड पडून आवाज चिरकायला लागला. चौथ्या तासाला मी मोकळी होते. शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. मी माठाशी गेले, पेला भरला, उचलला.

आणि मला भीती वाटली. विचार करून नव्हे, विचार तर माझा सगळा उलट बाजूला होता. पण मी हे पाणी प्यायले आणि तिकडे आईला काही झालं तर? तेवढं एक वाक्य डोक्यात आलं आणि हात पुढं जाईना. आई त्या वेळी घरी खिचडी खाऊन पडली असेल, वडील जवळच असतील, काही होण्याचं कारण नाही, हे सगळं मला ठाऊक होतं. मी पेला माठात उपडा केला. उरलेले तास कसे घेतले ते आठवत नाही. मध्येच ऑफिसात जाऊन मी फोन आला का म्हणून विचारून आले.

संध्याकाळी घरात पाय ठेवला तेव्हा आई ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. सावकाश, सगळा तांब्या. तोंडावर तरतरी होती. तिनं माझ्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि मला जवळ बसवलं. प्यायलीस का, असं तिनं विचारलंच नाही.

"भीती वाटली?" ती म्हणाली.

मी हो म्हणाले.

"मला तुझ्या सातव्या वर्षापासनं वाटतेय," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.