हिंमतभाईंच्या नावाचा अंक

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी सुरतमधल्या बमरोलीला गेले होते... ऑफिसच्याच कामाने.

इच्छापोरच्या एका यार्न कंपनीत मी एचआरला आहे. आमचं एक घरचं मासिक आहे. नाव मासिक, पण निघतं तीन महिन्यांनी! मी कंपनीत लागले त्याच्या कितीतरी आधीपासून निघतंय. यंदा त्याला नवं रूप द्यायचं ठरलं. नवं कव्हर, मोठे फोटो, कमी मजकूर... कव्हरच्या रंगावरून तर आम्ही आठवडेच्या आठवडे भांडलो.

त्यातच आणखी एक निर्णय झाला. छापील अंक फक्त प्लांटमध्ये, रिटायर्ड लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. सगळ्यांचे नंबर गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

एक नंबर काही केल्या लागेना. हिंमत पाटील, पॅकिंग विभाग. मी उधन्याला राहते, बमरोली तशी वाटेतच... म्हटलं, जाऊनच येऊ.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. सुमनमावशी. मी मराठीत बोलले तशा खूश झाल्या.

"कुठली गं तू?"

"धुळ्याची."

"मग बस ना माय, उभी काय."

चहा ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं... हिंमतकाका जाऊन तीन वर्षं झाली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं आम्ही त्यांच्या नावाने अंक पाठवत होतो. "सॉरी मावशी, आम्हाला कुणी कळवलंच नाही," मी म्हणाले.

"मीच नाही कळवलं."

टीव्हीखालच्या कप्प्यात अंक नीट रचून ठेवले होते. बऱ्याच अंकांची वेष्टनंही फोडलेली नव्हती. खरं सांगते, मला जरा लागलंच ते. मी म्हटलं, मावशी, घरातल्या कुणाचा तरी नंबर द्या, आता फोनवरच येईल... आणि यादीत तुमचं नाव घालते.

त्या एकदम अहिराणीत बोलल्या. "त्यासनं नाव राहू दे." त्यांचंच नाव राहू दे.

मग हळूहळू सांगायला लागल्या.

"टपालवाला येतो ना, तो फाटकातून हाक मारतो. 'हिंमतभाई, टपाल!' इथं सगळे त्यांना हिंमतभाईच म्हणायचे. आता कोण म्हणतंय? पोरगा पप्पा म्हणायचा. मी तर जन्मात नाव घेतलं नाही... लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्या पोस्टमनला माहीत आहे ते गेले म्हणून. एकदा तो नुसतं 'मावशी' म्हणाला, तर मीच सांगितलं, बाबा, पाकिटावर आहे तेच वाच."

मी काहीच लिहून घेतलं नाही. फॉर्म तसाच पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. आमचे सर सुरतचेच, कामाला एकदम कडक. डेटा चुकीचा ठेवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जेने जोईए, एने पोस्टथी मोकलो." ज्याला हवा त्याला पोस्टाने पाठवा.

"आणि नाव, सर?"

"जे छे ते." जे आहे तेच.

मग मी सगळ्यांना पुन्हा फोन केले. वाटलं होतं दोन-चार जण छापील मागतील... बरेच निघाले. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परवा नव्या रूपातले अंक पोस्टात गेले. कव्हर शेवटी निळंच झालं. लेबलं मी स्वतः बसून तपासली. मावशींकडे वेष्टन फोडलं जाईल की नाही, माहीत नाही... आता त्याचं काही वाटत नाही.

अंक पोस्टात गेले त्याच संध्याकाळी घरी आले. आमच्याकडे 'अहो' वगैरे काही नाही, मी नवऱ्याला पहिल्यापासून नावानेच हाक मारते. दारात चप्पल काढता काढता उगाचच जरा मोठ्याने हाक मारली.

तो हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आला. "काय गं, काय झालं?"

काही नाही म्हटलं...

सुमनमावशी, तुम्ही फेसबुकवर नाही, हे तुम्ही वाचणार नाही. तरी मनापासून आभार.