सीताफळ, कुलूप, घोडा
घराच्या दारात उभी होते, पिशवीतल्या पिकल्या सीताफळांचा वास आला आणि केजचे चाचा आठवले. मेंदूचं मानसशास्त्र शिकून मी तिथल्या दवाखान्यात नवीनच लागले होते; लोक मला ‘विसरण्याची डॉक्टरीन’ म्हणत. गाड्यावर फळं विकणारे चाचा पाय घसरून डोक्यावर पडले होते आणि मुलांनी त्यांची मोपेड काढून घेतली होती. डोकं ठीक असल्याचा कागद आणा, मगच गाडी! मी त्यांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: सीताफळ, कुलूप, घोडा. थोड्या वेळानं विचारलं, तर घोडा पळालेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं, तोवर चाचींनी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. खुर्चीत टेकायच्या आधीच चाचा गरजले, “सीताफळ, कुलूप, घोडा!” मी म्हटलं, “आज छत्री, बैल, ताट.” चाचांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं आणि चाचींच्या कानाशी म्हणाले, “पोरगी गुणाची हाय, पन तिच्या ध्यानात काई ऱ्हात न्हाई. मागच्या बारीला घोडा म्हनली व्हती.” चाची कळवळल्या, “लई शिकल्यावर व्हतं असं.” मग चाचांनी छत्री, बैल, ताट न चुकता सांगितलं, कागद घेतला आणि जाताना मला सीताफळं दिली, डोक्याला चांगली म्हणून. आता पिशवी तिसऱ्यांदा उपसतेय. सीताफळं आहेत, कुलूप समोर आहे, घोडासुद्धा पाठ आहे. किल्ली तेवढी कुठं ठेवली, आठवत नाही.