दप्वीबाईची जाऊ

कोणी कण्हत आत आलं तरी ती काय दुखतं ते आधी विचारत नसे. विचारायची, "दप्वी काँ?" म्हणजे कधीपासून. म्हणून गावानं तिचं नाव दप्वीबाई पाडलं. ती फ्रान्सची मिशनरी सिस्टर. पांढरकवड्याच्या पुढे आमच्या गावात दोन खोल्यांचा दवाखाना चालवायची.

ती मराठी पुस्तकातून शिकली होती. आमच्या बायकांचं बोलणं तिला काडीचं कळत नसे. म्हणून तिनं मला ठेवलं. मी चौथी पास, सोळा वर्षांची. तिनं माझ्या कपाळाला, पोटाला बोट लावून मला शब्द शिकवले आणि मी ते वहीत आपल्या अक्षरात लिहिले. फ्येव्र म्हणजे ताप. वाँत्र म्हणजे पोट. साँ म्हणजे रक्त. चुकलं की वहीवर पट्टी आपटायची. गोड बोलणारी बाई नव्हती ती.

आम्ही नुकते बौद्ध झालो होतो. गावातल्या बायका माझ्या हातचं पाणी घेत नसत, पण आपलं दुखणं माझ्या तोंडून सांगायला त्यांना चालत होतं.

सिस्टरचा एकच नियम होता. "जे ती बोलते, तेच तू बोल. तुझे काही घालू नको." आधीच्या एका मदतनीस बाईनं मनचं सांगितलं आणि भलतंच औषध दिलं गेलं, म्हणून हा नियम. मीही तो पाळला. पण आमच्याकडे बाई आपलं बाईपणाचं दुखणं आपलं म्हणून सांगत नसे. सांगायची ते जावेच्या नावानं. हे मला ठाऊक होतं, सिस्टरला नव्हतं. जावेच्या नावानं गोळ्या जायच्या, ज्याचं त्याला पोचायचं. निभत होतं.

एका दुपारी पाटलाच्या वाड्याकडची एक सून आली. सासू दारातच उभी राहिली. सून खाली बघत म्हणाली, "माह्या जावेले बाळंत होऊन पाच दिवस झाले. ताप हाय. अंगावरून लई जाऊन राह्यलं."

मी सांगितलं. फ्येव्र. साँ, बोकू, म्हणजे खूप. सिस्टर म्हणाली, गोळीचं काम नाही, जावेला आत्ताच्या आत्ता आणा. सून हो म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. तेव्हा मला दिसलं, तिची चोळी दुधानं भिजली होती.

ती घरी गेली असती तर परत आली नसती. आणि मी बोलले आणि ते खोटं निघालं, तर माझ्या बापाला त्या गावात राहू दिलं नसतं. मी दोन्ही गोष्टींचा विचार केला. खोटं कशाला सांगू, बापाचा आधी केला. सून दारापर्यंत पोचली होती.

मी म्हणाले, "सेतेल." हीच ती.

सिस्टरनं माझ्याकडे असं पाहिलं की पट्टी हातावर बसणार असं वाटलं. सासूनं दारातून विचारलं, "काय सांगून राह्यली वं तू तिले?" मी सासूकडं पाठ केली. पुन्हा म्हणाले, सेतेल. सिस्टर उठली, सुनेच्या कपाळाला हात लावला, चोळी पाहिली, आणि तिला टेबलावर निजवलं. मग तिला पांढरकवड्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला स्वतः सडकेवर जाऊन हात आडवे करून एक ट्रक थांबवला.

सून जगली. सासू माझ्याशी पुढं कधी बोलली नाही. सिस्टरनंही शाबासकी दिली नाही. दुसऱ्या दिवशी वही मागून घेतली आणि माझ्याकडून एक नवा शब्द लिहून घेतला. बेल-सर, म्हणजे जाऊ. त्यानंतर प्रत्येक बाईला ती दप्वी काँच्या आधी विचारायची, "तुझी जाऊ कशी आहे?" बायका हसायच्या आणि सांगायच्या.

चार वर्षांनी तिला फ्रान्सला परत बोलावणं आलं. मृग लागला होता. मोटारीपर्यंत तिची पेटी मी नेली. ती वाटेत तीनदा थांबली. खूप वाळली होती. काय होतंय म्हणून मी विचारलं, तर तिच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाली, "माझ्या जावेच्या स्तनात गाठ आहे."

लग्न न केलेली बाई. तिला कुठली जाऊ.

मी विचारलं, "दप्वी काँ?"

ती मोटारीकडे बघत म्हणाली, "दिवाळीपासून."