हेलिकॉप्टर नेमकं कुठं उतरलं होतं?

यवतमाळहून दारव्ह्याची बस सुटली तेव्हा माझ्याकडे पत्ता म्हणून एवढंच होतं: दारव्ह्यापुढं एक गाव, पऱ्हाटीचं (कपाशीचं) शेत, बाजूला नाला. आता दारव्ह्यापुढं पऱ्हाटी आणि नाला नसलेलं गाव शोधून दाखवा!

हा खटाटोप बाबांसाठी होता. ते हवाई दलात मेकॅनिक होते, हल्ला करणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या स्क्वाड्रनमध्ये. ती रशियन बनावटीची अवजड धुडं आता नाहीत, त्यांच्या जागी नवी आली, आणि जुनी मंडळी मिळून स्क्वाड्रनचा इतिहास छापताहेत. बाबांनी आपली आठवण पाठवली. तेलगळतीमुळं एक हेलिकॉप्टर इकडच्या शेतात उतरलं, बाबा दुरुस्तीला आले. काळ्या मातीत तिन्ही चाकं रुतायला लागली म्हणून गावकऱ्यांनी खाली दगड सारले, डाव्या चाकाखाली तर एकावर एक दोन. मंडळींचं उत्तर आलं, असं कुणालाच आठवत नाही, वयामुळं गल्लत होत असेल. त्या दिवसापासून बाबा जेवताना बोलेनासे झाले. "मी खोटं सांगतोय का गं?" असं त्यांनी विचारलं आणि मी बॅग भरली.

दारव्ह्याला बाजाराचा दिवस. जीपमध्ये मी कोंबले गेले आणि हेलिकॉप्टरचं विचारलं.

"कोणतं पाह्यजे तुमाले?" ड्रायव्हर म्हणाला. जणू वांगीच निवडायची होती.

एकानं सभेला आलेल्या मंत्र्याचं सांगितलं, दुसऱ्यानं पुरातलं. मागच्या बाई म्हणाल्या, "लढाईचं न? थे त आमच्या माहेरी उतरलं होतं." माहेर निघालं वर्ध्याकडं! पुढच्या दोन गावांत उतरून विचारलं, तर दोन्ही गावांनी छातीठोकपणे आपापलं शेत दाखवलं. माझ्या डोक्याचं पार दही झालं.

ड्रायव्हरला दया आली असावी. "ताई, जेवल्या का? चाला, आमच्या गावात आज देवाले रोडगे हायेत." रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे. गेले. शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) पंगत बसली होती. वांग्याची भाजी अशी जहाल की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी मी दुसऱ्यांदा मागितली.

"देव कुठाय?" मी विचारलं, कारण देऊळ काही दिसेना.

शेजारच्या सिंधूबाईंनी पऱ्हाटीच्या मधोमध बोट दाखवलं. शेत त्यांचंच. "थो का. मारोती."

"मारोती कायचा? म्हसोबा हाय थो," त्यांचे म्हातारे दीर गुरगुरले. दोघांची जुंपली. मी रोडगा हातात घेऊन जवळ गेले. शेंदूर फासलेले दगड. एक पुढं, एक मागं उजवीकडं, आणि डावीकडं एकावर एक दोन.

"हे दोन असे का हो?" मी वरच्या दगडाकडं बोट केलं.

"थे नवरा-बायको," दीर म्हणाले.

"इथं हेलिकॉप्टर उतरलं होतं का?"

"उतरलं न! पण देव आधीचा हाय."

"काहून आधीचा?" सिंधूबाई उसळल्या. "मी नवी नवरी होती, सारं पाह्यलं म्या. थे उडून गेलं. मांगं एक फौजी राह्यला, त्यानं या दगडायवर डोकं टेकलं अन् ढसाढसा रडला. सासरे म्हने, फौजी पाया पडते म्हंजे देव असलाच पाह्यजे."

मला हसावं की रडावं कळेना. आमच्या घरात देव्हारा नाही. आईनं हौसेनं आणलेला बाळकृष्णसुद्धा बाबांनी शोकेसमध्ये ठेवला. असा माणूस दगडांवर डोकं टेकतो? म्हणजे हा फौजी दुसराच कुणी?

घरी परतल्यावर मोबाइलमधला दगडांचा फोटो बाबांपुढं धरला. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "डावीकडं दोन," ते म्हणाले. "आता बोला म्हणावं मंडळींना!"

"आणि पाया पडलेला फौजी?"

बाबांनी मान खाली घातली. "तेवढं इतिहासात नको." मग चष्मा काढून ठेवत म्हणाले, "गळती मी बंद केली होती गं. माझ्या शब्दावर दोघं वैमानिक आत बसले. ते वर जाईपर्यंत मला श्वास घेता येईना."

मग त्यांनी माझ्याबरोबर आलेला, एव्हाना दगड झालेला रोडगा चहात बुडवून सगळा खाल्ला. आता तो मारोती की म्हसोबा, हे मला विचारू नका. निघताना मीही हात जोडून आले, एवढं खरं.