गाद्यांमागचं दार

फायर सेफ्टीचा डिप्लोमा मी पहिल्या वर्गात पास झालो, हे आमच्या पिंपरी पेंढारमध्ये अजूनही कोणी कौतुकानं सांगितलं की माझी मान खाली जाते. लोकांना वाटतं, विनय आहे. विनयबिनय काही नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शेती थोरला भाऊ बघायचा. मी पुण्यात एका कारखान्यात हेल्पर होतो आणि रविवारी क्लासला जायचो. आग कशी लागते, कशी पसरते, इमारतीत धोका कुठं दडलेला असतो, हे तिथं शिकवायचे. शेवटी एक खरी इमारत तपासून तिचा अहवाल द्यायचा, त्यावर तोंडी परीक्षा, मग सर्टिफिकेट. ते हातात पडलं की सेफ्टी ऑफिसरची नोकरी. मला त्या नोकरीची भारी घाई झाली होती.

इमारत शोधायला लांब जायची गरज नव्हती. मामांनी शिनोलीजवळ रस्त्याला लागून मंगल कार्यालय काढलं होतं. पत्र्याचा लांबलचक हॉल, पुढं मोठं दार, मागं एक लहान दार. मी टेप आणि वही घेऊन पोचलो. मामांनी आधी टेपच काढून घेतली.

"भाचा काय मापं घ्यायला आलाय व्हय? आधी जेव."

मामीनं मासवडी केली होती. मी दुपारी दोनपर्यंत ताटावरून उठलो नाही.

मग हॉलमध्ये गेलो, तर मागच्या दाराला छातीएवढ्या गाद्या रचलेल्या, वर लोड आणि सतरंज्या. मामा म्हणाले, "ते उघडं ठिवलं की बिनबोलावलेली माणसं थेट पंगतीला बसत्यात. म्हणून बंदच ठिवतो."

मामी मागून आली होती. तिनं पदर खोचला. "दार बगायचं असंल तर काढते मी गाद्या. लई येळ नाय लागायचा."

"राहू दे मामी, कळलं मला," मी म्हणालो.

जिथं पोटभर जेवलो, तिथंच चूक कशी काढायची, ही सबब मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितली. खरं तर तो निव्वळ आळस होता. एसटीत बसल्या बसल्या मी वहीत लिहून टाकलं: मागील दार मोकळे आहे, सहज उघडते.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "दार स्वतः उघडून पाहिलंत?"

"हो सर. दोनदा."

ते 'दोनदा' मी कशाला जोडलं, देव जाणे. परीक्षक खूश झाले. मामा तर माझ्यापेक्षा खूश. त्यांनी माझ्या अहवालाची झेरॉक्स फ्रेम करून कार्यालयात लावली आणि लग्नाची तारीख ठरवायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवू लागले.

मला चाकणजवळच्या एका कंपनीत नोकरी लागली. दर महिन्याला मी कामगारांना गोळा करून बाहेर पडायचे रस्ते मोकळे ठेवण्यावर भाषण द्यायचो. चांगलं द्यायचो. अशीच पाच-सहा वर्षं गेली आणि एका लग्नात मामांच्या कार्यालयात आग लागली.

पुढच्या दाराच्या कमानीवर हॅलोजनचा दिवा होता. त्याच्या धगीनं कापड पेटलं आणि छताची झालर धरून आग आत आली. माणसं मागच्या दाराकडे धावली. मामी तिथं सगळ्यांच्या आधी पोचली होती आणि एकटी गाद्या ओढत होती. जळती झालर तिच्या दोन्ही हातांवर पडली. तरी तिनं दार उघडलं. सगळी माणसं बाहेर पडली, दुसऱ्या कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. मामीचे हात कोपरापर्यंत बांधलेले होते आणि डोळे मिटलेले. मामा शेजारी स्टुलावर बसले होते. मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं.

"तू लिवलं व्हतंस ना, दार मोकळं हाय म्हणून. तू सोता बगून गेलास, मंग मला वाटलं, एवढ्या गाद्या चालत असतील. चालत न्हाईत का रं?"

खरं सांगायला तेवढं एक वाक्य पुरलं असतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"तेव्हा चालायच्या, मामा. नियम आता बदललेत."

"तरीच," मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. एवढा शिकलेला भाचा, तो कशाला खोटं सांगेल?

मी वळलो तर मामीचे डोळे उघडे होते. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "पाणी पाज रं जरा."

मी पेला तिच्या ओठांना लावला. थोडं पाणी तिच्या हनुवटीवर सांडलं, ते माझ्या रुमालानं पुसलं. माझ्या खोटेपणाबद्दल मामांना ती तेव्हा काही बोलली नाही, आणि पुढंही कधी बोलली नाही.